दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना पार्टिशनचा आकार बदलणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी विचारलेले आहेत. काही काम सुरू करण्याआधीचे, काही अर्ध्यावर अडकल्यावरचे, आणि दोन-चार सगळं उडाल्यावरचे. विचारणारे बहुतेक जण विंडोजशेजारी लिनक्स टाकत असतात, म्हणून उदाहरणंही त्याचीच जास्त आहेत. दोन उत्तरं एकमेकांत शिरतात तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पार्टिशन लहान करायचं म्हणजे नेमकं काय होतं? त्यातल्या फाइली कापल्या जातात का?

नाही. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गोंधळ त्यांच्यातच होतो. पार्टिशन म्हणजे डिस्कच्या सुरुवातीला असलेल्या एका छोट्या तक्त्यातली नोंद: या सेक्टरपासून त्या सेक्टरपर्यंतची जागा अमक्याची. त्या जागेत कोणती फाइल कुठे ठेवली आहे, हे लिहिलेली वही म्हणजे फाइल सिस्टिम. विंडोजवर ती एनटीएफएस असते, लिनक्सवर बहुधा ईएक्सटी४.

लहान करताना आधी शेपटाकडच्या फाइली उचलून अलीकडे आणल्या जातात, मग फाइल सिस्टिम आपली हद्द आत घेते, आणि सगळ्यात शेवटी तक्त्यातला आकडा बदलतो. मोठं करताना बरोबर उलट: आधी तक्ता, मग फाइल सिस्टिम. लहान करताना आधी तक्त्यालाच हात लावला, तर फाइल सिस्टिम ती जागा अजून आपलीच समजते आणि तिथे नवा भाडेकरू सामान लावायला लागतो. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट आणि लिनक्सकडचं जीपार्टेड ही आकार बदलणारी साधनं हा क्रम स्वतःहून पाळतात. टर्मिनलमध्ये एकेक आज्ञा देणाऱ्यांनी तो कागदावर लिहून ठेवावा.

२. सगळं नीट केलं तर डेटा जात नाही म्हणतात. मग बॅकअप खरंच हवा का?

हवा. आकार बदलणारी साधनं भरवशाची आहेत, पण ती चालवणारे आपण असतो. मी एकदा शहाण्यासारखा बॅकअप घेतला आणि बाहेरची डिस्क तशीच जोडलेली ठेवून इन्स्टॉलर सुरू केला. आतली डिस्क एक टीबीची, बाहेरचीही एक टीबीची. यादीत दोन सारख्या ओळी दिसत होत्या आणि मी खालच्या ओळीवरचं पार्टिशन काढून टाकलं. तो बॅकअप होता. मूळ डेटा जागेवर होता म्हणून निभावलं. तेव्हापासून बॅकअप झाला की त्यातल्या दोन-तीन फाइली उघडून बघतो, वायर काढतो आणि डिस्क दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवतो.

त्याच डिस्कवरच्या डी ड्राइव्हमध्ये केलेली कॉपी बॅकअप धरू नका. तक्ता बिघडला तर सी आणि डी दोन्ही एकदमच जातात.

३. विंडोजमधून लहान करू, जीपार्टेडने करू, की लिनक्सच्या इन्स्टॉलरवर सोपवू?

ज्या सिस्टिमची फाइल सिस्टिम आहे, तिच्याकडूनच ती लहान करून घ्या. या सगळ्या पानातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. विंडोजचं पार्टिशन विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून, मॅकचं मॅकमधून, लिनक्सचं लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे काही इन्स्टॉल न करता ज्यावरून थेट लिनक्स चालतं त्या पेनड्राइव्हवरून.

जीपार्टेडला एनटीएफएस लहान करता येतं आणि ते बहुतेक वेळा सुरळीत होतं. त्यानंतर विंडोज पहिल्यांदा सुरू होताना डिस्क तपासते, ती तपासणी मध्येच तोडू नका. इन्स्टॉलरमधला ‘विंडोजच्या शेजारी टाका’ हा पर्यायही चालतो. पण तिथे आकार बदलणं, नवं पार्टिशन बनवणं आणि फॉरमॅट करणं एका बटणामागे होतं. गडबड झाली तर ती कुठल्या पायरीला झाली हे कळायला मार्ग नसतो. आधी विंडोजमधून जागा काढा, विंडोज दोनदा रीस्टार्ट करून सगळं ठीक आहे ना ते बघा, आणि मगच पेनड्राइव्ह लावा.

४. सुरुवात करण्याआधी विंडोजमध्ये काय काय बंद करायचं?

सगळ्यात महत्त्वाचं ‘फास्ट स्टार्टअप’. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शट डाउन म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. सिस्टिमचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवलेला असतो आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतो. त्या अवस्थेतल्या पार्टिशनमध्ये लिनक्सने काही लिहिलं, तर विंडोज जागी झाल्यावर आपली जुनी आठवण त्यावर लिहिते आणि दोघांचंही नुकसान होतं. म्हणूनच लिनक्स असं पार्टिशन उघडायला नकार देतं किंवा फक्त वाचू देतं. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘पॉवर बटण काय करेल’ या पानावर ही खूण असते. ती काढा. घाईत असाल तर शिफ्ट दाबून शट डाउन करा, किंवा रीस्टार्ट वापरा. रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होते.

दुसरं, सी ड्राइव्हवर एकदा चेकडिस्क चालवा. आधीच दुखणं असलेली फाइल सिस्टिम हलवायची नसते. डिस्क स्वतःच बॅड सेक्टर दाखवत असेल तर हा बेतच रद्द करा आणि आधी डेटा बाहेर काढा.

तिसरं, लॅपटॉप एन्क्रिप्ट केलेला आहे का ते पाहा. त्यासाठी प्रश्न १० वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

५. दुसऱ्या सिस्टिमला जागा किती द्यायची, आणि त्या चौकटीत नेमका कुठला आकडा टाकायचा?

उबुंटू किमान २५ जीबी मागतं. पण तेवढ्यात नुसतं पाहुण्यासारखं राहता येतं. रोज वापरायचं असेल तर ६० ते ८० जीबी द्या. शिकण्यापुरतं हवं असेल तर ४० पुरतात. नंतर वाढवणं वाटतं तितकं सोपं नाही (प्रश्न १४). विंडोजलाही अपडेटसाठी श्वास घ्यायला सी ड्राइव्हचा पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा.

आता ती चौकट. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ म्हटलं की चार ओळी येतात: आधीचा एकूण आकार, कमी करता येईल अशी जागा, किती कमी करायचं, आणि नंतरचा एकूण आकार. लिहिता येतं ते फक्त तिसऱ्या ओळीत, आणि तिथे विंडोजने आधीच शक्य तेवढा मोठा आकडा भरून ठेवलेला असतो. तो न बघता बटण दाबलं की सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरलेला उरतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे तिथे विंडोजकडे ठेवायचा आकडा टाकणं. विचारलंय ते किती काढायचं हे. आकडा एमबीमध्ये असतो आणि १ जीबी म्हणजे इथे १०२४ एमबी, म्हणून ८० जीबीसाठी ८१९२० टाका. चौथी ओळ वाचा, मनाशी पटलं तरच पुढे जा.

६. सी ड्राइव्हमध्ये २०० जीबी मोकळे आहेत, पण विंडोज फक्त १८ जीबी कमी करू देतेय. असं का?

कारण जागा मोकळी असली तरी शेपटाकडे एखादी न हलणारी फाइल बसलेली आहे. पार्टिशन शेवटाकडून आत येतं, त्यामुळे अशी एक फाइलही पुरते. नेहमीचे संशयित चार: हायबरनेशनची फाइल (विंडोज झोपताना मेमरी जिच्यात साठवते ती), पेज फाइल (रॅम कमी पडली की वापरायची), सिस्टिम रिस्टोअरच्या जुन्या प्रती, आणि एनटीएफएसची स्वतःची अनुक्रमणिका, म्हणजे एमएफटी.

पहिल्या तिघांवर उपाय आहे. हायबरनेशन बंद करा, सिस्टिम प्रोटेक्शन बंद करून जुने रिस्टोअर पॉइंट काढा, पेज फाइल ‘नो पेजिंग फाइल’ वर ठेवा, रीस्टार्ट करा आणि पुन्हा प्रयत्न करा. जागा निघाली की पेज फाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन लगेच परत चालू करा. हे विसरणारे पुष्कळ असतात, आणि मग ‘लिनक्स टाकल्यापासून विंडोज अडखळते’ म्हणून विचारायला येतात.

तरीही अडलं तर इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन नोंदींमध्ये २५९ क्रमांकाची नोंद शोधा. शेवटची न हलणारी फाइल कोणती, ते विंडोज तिथे नावानिशी लिहून ठेवते. कधी तो एखाद्या प्रोग्रामचा साठा निघतो, आणि तो प्रोग्राम काढला की वाट मोकळी होते. एमएफटीच आडवी आली असेल तर विंडोजकडे इलाज नाही. तिथे मात्र जीपार्टेड वापरायला हरकत नाही, कारण बाहेरून काम करताना या फाइली कोणी धरून ठेवलेल्या नसतात.

७. निघालेल्या जागेचा विंडोजमध्येच नवा ड्राइव्ह बनवून ठेवू का?

नको. काळ्या पट्टीखाली ‘अनअलोकेटेड’ दिसतंय, ते तसंच राहू द्या. इन्स्टॉलरला हवी ती पार्टिशनं तो तिथे स्वतः बनवतो. ड्राइव्ह बनवला तर तो पुन्हा काढावा लागतो, आणि काढताना चुकीच्या ओळीवर बोट पडायची आणखी एक संधी मिळते.

८. माझी डिस्क एमबीआर आहे की जीपीटी? त्याने काय फरक पडतो?

हे पार्टिशनचा तक्ता लिहिण्याचे दोन प्रकार आहेत, एमबीआर जुना आणि जीपीटी नवा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डाव्या बाजूच्या ‘डिस्क ०’ वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग ‘व्हॉल्यूम्स’. तिथे पार्टिशन स्टाइल लिहिलेली असते.

जीपीटी असेल तर चिंता नाही. नेहमीच्या तक्त्यात १२८ नोंदी मावतात आणि तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही असते. एमबीआर ही १९८३ सालची व्यवस्था आहे. तिच्यात चारच प्रायमरी पार्टिशनं बसतात, आणि ५१२ बाइटच्या सेक्टरमुळे साधारण २ टीबीच्या पलीकडे पोचता येत नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये त्या चारही जागा आधीच भरलेल्या असतात: सिस्टिम रिझर्व्हड, सी, रिकव्हरी, आणि कंपनीचं एखादं पार्टिशन. अशा वेळी पाचवं बनवायला गेलं की विंडोज म्हणते, डिस्क ‘डायनॅमिक’ करावी लागेल, करू का? नाही म्हणा. डायनॅमिक डिस्कवर लिनक्सचे इन्स्टॉलर गडबडतात आणि परतीचा रस्ता कटकटीचा आहे. चारपैकी एखादं बिनकामाचं पार्टिशन काढून त्या जागी एक्सटेंडेड पार्टिशन बनवा. त्याच्या पोटात हवी तेवढी लॉजिकल पार्टिशनं मावतात आणि लिनक्स त्यावर खुशाल चालतं.

विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून डेटा न पुसता एमबीआरचं जीपीटी करणारं साधन विंडोजमध्येच येतं. पण मशीन यूईएफआयने (जुन्या बायोसच्या जागी आलेल्या व्यवस्थेने) बूट होऊ शकत असेल तरच त्याच्या वाटेला जा.

९. इन्स्टॉलर १०० एमबीचं ‘ईएफआय’ पार्टिशन दाखवतोय. ते फॉरमॅट करायचं का?

अजिबात नाही. त्यात विंडोजचा बूटलोडर, म्हणजे मशीन चालू होताच विंडोज सुरू करणारा छोटा प्रोग्राम, राहतो. दुसरी सिस्टिम आपला बूटलोडर त्याच पार्टिशनमध्ये वेगळ्या फोल्डरात ठेवते आणि दोघे गुण्यागोविंदाने नांदतात. इन्स्टॉलरमध्ये ते फक्त निवडायचं, ‘फॉरमॅट’ची खूण रिकामी ठेवायची. ती खूण चुकून राहिली तर विंडोजच्या फाइली शाबूत असूनही विंडोज सुरू होत नाही. मग विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून बूट फाइली पुन्हा बनवाव्या लागतात.

१०० एमबी ग्रबसाठी, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या बूटलोडरसाठी, पुरतात. लिनक्सची काही वितरणं मात्र अख्खा कर्नलच या पार्टिशनमध्ये ठेवतात. त्यांच्यासाठी मोकळ्या जागेत ५१२ एमबी ते १ जीबीचं दुसरं ईएफआय पार्टिशन बनवणं, विंडोजचं ताणत बसण्यापेक्षा सोपं पडतं.

१०. मी बिटलॉकर कधी चालूच केला नाही, तरी रिकव्हरी की मागतोय. आता काय करू?

बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं कुलूप. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप चालू होतं, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच बूटलोडर चालू देणारी सोय) बंद केलं किंवा बूटची साखळी बदलली की लॅपटॉपला संशय येतो आणि तो ४८ अंकी की मागतो. ती बहुतेकदा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. फोनवरून खात्यात शिरून ती पाहता येते.

अजून काम सुरू केलं नसेल तर ते ४८ अंक आधी कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपवरच्या फाइलीत ठेवू नका, कुलपाची किल्ली कुलपाच्या आत ठेवल्यासारखं होईल. मग पार्टिशन विंडोजमधूनच लहान करा. बिटलॉकर चालू असतानाही विंडोजला ते जमतं. जीपार्टेडला जमत नाही, त्याला ती नुसती अर्थहीन अक्षरं दिसतात. बायोसमधल्या सेटिंग बदलण्याआधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा. काही इन्स्टॉलर बिटलॉकर दिसताच थांबतात आणि तो बंद करून यायला सांगतात. तसं झालं तर डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबण्याची तयारी ठेवा.

११. सी च्या पुढे एक रिकव्हरी पार्टिशन आहे. ते उडवून जागा सलग करू का?

करू नका. सी लहान केला की मोकळी जागा सी आणि रिकव्हरी यांच्या मधोमध तयार होते, आणि दुसऱ्या सिस्टिमला ती तिथेच चालते. सलग दिसावं म्हणून विंडोजची दुरुस्तीपेटी फेकून देण्यात काही हशील नाही.

१२. मध्येच वीज गेली तर? आणि याला वेळ किती लागतो?

काय चाललंय त्यावर अवलंबून आहे. विंडोजमधून लहान करणं काही मिनिटांचं काम असतं. फाइली नेहमीसारख्या हलतात, हद्द शेवटी बदलते, त्यामुळे मध्ये तुटलं तरी सहसा जुनाच आकार शिल्लक राहतो.

पार्टिशन ‘सरकवणं’ ही फार वेगळी गोष्ट आहे. जीपार्टेडमध्ये उजवी कड ओढली तर आकार बदलतो, डावी कड ओढली तर सुरुवातच बदलते, आणि मग आतला सगळा डेटा उचलून नव्या जागी लिहावा लागतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर याला तास न् तास लागतात. त्यात अर्ध्यावर वीज गेली तर अर्धं घर इकडे आणि अर्धं तिकडे. चार्जर लावलेला हवा, बॅटरी भरलेली हवी, स्लीप बंद हवं. पट्टी पुढे सरकत नाहीशी वाटली तरी ‘कॅन्सल’ला हात लावू नका.

१३. माझ्याकडे आधी लिनक्स आहे, आता विंडोज टाकायची आहे. क्रम उलटा चालेल का?

चालतो. लाइव्ह पेनड्राइव्हवरून लिनक्सचं पार्टिशन लहान करा, कारण ईएक्सटी४ चालू असताना मोठी करता येते, पण लहान करायला ती उतरवलेली (अनमाउंट केलेली, म्हणजे वापरात नसलेली) असावी लागते. विंडोज ११ किमान ६४ जीबी मागते. तेवढ्यावर भागत नाही, दुप्पट द्या.

विंडोज टाकल्यावर लिनक्स ‘गायब’ झालेलं दिसेल. यूईएफआय मशीनवर ते बहुधा गेलेलं नसतं, विंडोजने फक्त रांगेत स्वतःला पुढे घेतलेलं असतं. बायोसच्या बूट यादीत लिनक्स वर आणा. एमबीआर डिस्कवर मात्र ग्रब खरोखर पुसला जातो आणि लाइव्ह पेनड्राइव्हवरून पुन्हा बसवावा लागतो. नंतर ग्रबच्या यादीत विंडोज दिसत नसेल तर घाबरू नका. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारी सोय मुळात बंद असते, ती सेटिंगमध्ये चालू करावी लागते.

१४. लिनक्सला दिलेली जागा भरली. सी अजून थोडा लहान करून वाढवता येईल का?

येईल, पण नवी जागा लिनक्सच्या डावीकडे निघते, म्हणजे लिनक्सची सुरुवात मागे सरकवावी लागते. प्रश्न १२ मधला धोका इथे पूर्णपणे लागू होतो. त्यापेक्षा नव्या जागेत वेगळं पार्टिशन बनवा आणि होम फोल्डर किंवा नुसता मोठा डेटा तिकडे हलवा. लिनक्स बीटीआरएफएसवर असेल तर नवं पार्टिशन त्याच फाइल सिस्टिममध्ये सामील करून घेता येतं, काहीही सरकवावं लागत नाही.

१५. जीपार्टेडमध्ये माझं लिनक्स पार्टिशन लहानच होत नाही. कड ओढताच येत नाही.

पार्टिशनसमोर कुलपाचं चित्र असेल तर ते वापरात आहे. लाइव्ह पेनड्राइव्हवरून काम करा आणि स्वॅप (लिनक्समधली पेज फाइलसारखी जागा) बंद करा. कुलूप नसेल तर फाइल सिस्टिमचं नाव वाचा. एक्सएफएस असेल तर विषय संपला: ती मोठी होते, लहान होत नाही. डेटा बाहेर काढून नवं पार्टिशन बनवणं एवढंच हाती उरतं. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या वाटेने आलेल्यांची २०१४ च्या सातव्या आवृत्तीपासून हीच अडचण होते.

एन्क्रिप्ट केलेलं लिनक्स असेल तर कांद्यासारखे पापुद्रे असतात, आणि लहान करताना आतून बाहेर यायचं: फाइल सिस्टिम, मग एलव्हीएमचा (जागेची वाटणी करणाऱ्या थराचा) व्हॉल्यूम, मग एलयूकेएसचं (एन्क्रिप्शनचं) कवच, शेवटी पार्टिशन. प्रत्येक बाहेरचा पापुद्रा आतल्यापेक्षा थोडा मोठाच ठेवा. खरं सांगायचं तर इथे बॅकअप घेऊन नव्याने टाकणं जास्त लवकर होतं.

१६. मॅकवर हे कसं करायचं?

इंटेल मॅकवर विंडोजसाठी बूट कॅम्प आहे. ॲपल सिलिकॉन मॅकवर बूट कॅम्प नाही. तिथे काही मॉडेलांवर ‘असाही लिनक्स’ नावाचं वितरण चालतं, आणि त्याचा इन्स्टॉलर मॅकओएसच्या आतूनच चालतो व जागाही तिथूनच काढतो. जागा कमी निघाली तर टाइम मशीन या मॅकच्या बॅकअप सोयीचे स्थानिक स्नॅपशॉट ती अडवून बसले आहेत का ते पाहा.

१७. इन्स्टॉलरला माझी डिस्कच दिसत नाही. फक्त पेनड्राइव्ह दिसतो.

बायोसमध्ये आरएसटी किंवा व्हीएमडी ही इंटेलची डिस्क हाताळायची पद्धत चालू असण्याची शक्यता मोठी आहे. उपाय म्हणजे ती बदलून एएचसीआय या साध्या पद्धतीवर नेणं. पण थेट बदललं तर विंडोज निळा पडदा दाखवते. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग बायोसमध्ये बदल करा, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या, आणि मग नेहमीचा मोड परत आणा. त्याआधी प्रश्न १० मधला कागद खिशात असू द्या.

१८. लिनक्स नकोसं झालं. काढून सगळी जागा सी ला परत कशी देऊ?

डिस्क मॅनेजमेंटमध्ये लिनक्सची पार्टिशनं काढा आणि सी वर ‘एक्सटेंड व्हॉल्यूम’ करा. जागा सी ला चिकटूनच असल्याने, रिकव्हरी पार्टिशन मध्ये येत नाही (प्रश्न ११). यूईएफआयवर आधी बायोसमध्ये विंडोजला पहिलं करा. एमबीआरवर आधी विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट रेकॉर्ड दुरुस्त करा आणि मगच लिनक्स काढा. क्रम उलटा झाला तर सकाळी काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढंच दिसेल.

१९. चुकीचं पार्टिशन डिलीट झालं. सगळं गेलं का?

लगेच थांबा. इन्स्टॉलर पुढे नेऊ नका, त्या डिस्कवरून पुन्हा बूट करू नका, तिच्यावर नवं काही लिहू नका. नुसतं डिलीट झालं असेल तर बहुधा तक्त्यातली नोंदच गेलेली असते आणि फाइल सिस्टिम तिच्या जागी असते. लाइव्ह पेनड्राइव्हवरून टेस्टडिस्क चालवा. ते डिस्कवर जुन्या हद्दींच्या खुणा शोधतं. यादीतलं पार्टिशन निवडून त्यातल्या फाइलींची नावं उघडून बघा. नावं ओळखीची दिसली तरच नोंद परत लिहा.

डिलीटनंतर फॉरमॅटही झालं असेल तर फिरत्या हार्ड डिस्कवर अजून बरंच वाचू शकतं. एसएसडीवर आशा कमी. तिथे फॉरमॅट करताना सिस्टिम डिस्कला ‘हे सगळे ब्लॉक आता नकोत’ असं कळवते आणि डिस्क ते मागच्या मागे रिकामे करून टाकते. अशा वेळी टेस्टडिस्क पार्टिशन शोधून देईलही, पण आत शून्यंच असतील. मग दुसऱ्या खोलीत ठेवलेली ती डिस्क आणा.